मुंबई ते लंडन : एका हवाई मार्गाची प्रस्तावना

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधले अंतर किती, असे कोणी विचारले तर सुमारे ७,२०० किलोमीटर असे उत्तर देता येते, आणि विमानाला वेळ किती लागतो असे विचारले तर जाताना साडेनऊ-दहा तास व येताना साधारण नऊ, असे सांगून विषय मिटवता येतो. वेळापत्रकातले हे आकडे खरे आहेत, आणि बहुतेक प्रवाशांचे त्यांवर भागते. परंतु त्यांपैकीच एखादा जेव्हा विचारू लागतो की एकाच मार्गावर, एकाच जातीच्या विमानाला, जाण्यास व येण्यास निरनिराळा वेळ का लागावा; दुपारी एक वाजता मुंबई सोडलेले विमान त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, लंडनला कसे टेकते; आणि पूर्वी ज्या सफरीत खिडकीखाली कॅस्पियन समुद्र दिसे त्या सफरीत आता इराक-तुर्कस्तान का दिसावे, तेव्हा या दोन आकड्यांच्या पोटात भूगोल, हवामानशास्त्र, यंत्रविद्या आणि राज्याराज्यांमधील करारमदार यांचा केवढा ऐवज साठला आहे याची कल्पना येऊ लागते. दोन शहरांमधील अंतर ही पृथ्वीने एकदाच ठरवून दिलेली गोष्ट आहे असा आपला सामान्यतः समज असतो. माझे मत असे, आणि पुढील पृष्ठांत त्याचाच विस्तार आहे, की पृथ्वीने त्या अंतराची फक्त किमान मर्यादा ठरवली. प्रत्यक्ष अंतर प्रत्येक पिढीतील माणसांना मोजून, झगडून, तह करून आणि कित्येकदा प्राण वेचून मिळवावे लागले, आणि मिळवलेले ते पुन्हा हातचे जाऊही शकते.

प्रथम त्या किमान मर्यादेविषयी. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर मुंबई व लंडन यांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती इराणच्या आखातावरून, इराक व सीरिया या मुलखांतून, ग्रीसच्या बाजूने आल्प्स पर्वताकडे जाते. आता नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल घ्यावा, एका दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरावे, आणि दोरा ताणावा. तो ताणला जाताच आपोआप उत्तरेकडे सरकतो, आणि जेथे स्थिरावतो ती वाट नकाशावरच्या रेघेहून अगदी वेगळी असते : कच्छच्या आखाताच्या तोंडावरून जवळजवळ नेमकी कराची शहरावर, तेथून बलुचिस्तान, इराणचे मिठाचे वाळवंट, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण किनारा, काकेशस पर्वत, काळा समुद्र, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी, आणि मग उत्तर समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून इंग्लंड. गोलावरील दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत आखूड मार्ग हा पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या महावृत्ताचा तुकडा असतो, आणि सपाट कागदावर तो सहसा ध्रुवाकडे फुगलेला दिसतो. मुंबईहून निघताना या मार्गाचे तोंड वायव्येकडे असते, आणि विमान पुढे जाईल तसतसे ते हळूहळू पश्चिमेकडे वळत जाते, इतके की पोलंडच्या पुढे ते जवळजवळ नीट पश्चिमेकडेच चालते. ७,२०० किलोमीटर, अर्थात सुमारे ३,८९० सागरी मैल, हा आकडा या वाटेचा आहे. कोणत्याही काळी कोणत्याही वाहनाने याहून कमी चालून मुंबईहून लंडनला जाणे शक्य नव्हते व पुढेही होणार नाही. वाटेत कराची आहे ही गोष्ट वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी, कारण या मार्गाच्या इतिहासात ते शहर पुन्हा पुन्हा येणार आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळी आफ्रिकेला वळसा घालून जाणारी वाट जवळपास २०,००० किलोमीटरची होती, म्हणजे किमान मर्यादेच्या पावणेतीनपट, आणि ती सरण्यास पाच-सहा महिने लागत. कंपनी सरकारच्या दप्तरात मुंबईहून लंडनला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत वर्ष उलटून जाई, आणि तोवर ज्या प्रकरणासाठी हुकूम मागितला ते प्रकरण तरी निकालात निघालेले असे किंवा तो अंमलदार तरी बदललेला असे. ही कोंडी फोडण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न मुंबईतच झाला. येथेच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबई बंदरातून निघाली आणि सुमारे महिनाभरात, एडनला व पुढे तांबड्या समुद्रातील बंदरांत कोळसा घेत, सुएझला पोहोचली. सुएझपासून अलेक्झांड्रियापर्यंत भूमार्ग, व तेथून भूमध्य समुद्र. कोळशासाठी हक्काचा मुक्काम हवा म्हणून १८३९ मध्ये एडन मुंबई सरकारने काबीज केले. वेळ वाचवण्यासाठी मुलूख जिंकावा लागण्याचे इतके स्पष्ट उदाहरण या मार्गावर दुसरे नाही. पुढे १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन जलमार्ग साडेअकरा हजार किलोमीटरांच्या आसपास आला. लागलीच दुसऱ्या वर्षी समुद्रतळावरून टाकलेली तार मुंबईस पोहोचली, तेव्हापासून बातमी आणि माणूस यांच्या वेगाची कायमची फारकत झाली.

माणूस मात्र आगबोटीनेच जात राहिला. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन निघाल्या तेव्हाचे त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप लेखन मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभकाळातील मोलाचा दस्तऐवज आहे. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबई सोडून ऑक्टोबरअखेर विलायतेस पोहोचले. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये याच वाटेने गेले आणि १९१० च्या जुलैमध्ये बंदिवान म्हणून परत आणले जात असता याच वाटेवरील मार्सेल्स बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. लोकमान्य टिळक पत्रकार चिरोल याच्यावरील दाव्यासाठी १९१८ मध्ये गेले. या मंडळींना जहाजावर जे दिवस मिळाले, ते वाया गेलेले दिवस होते असे मला वाटत नाही. एका समाजातून उठून दुसऱ्या समाजात जाणाऱ्या मनाला पालट पचवण्यास जी मुदत लागते ती त्या प्रवासाने न मागता दिली होती, आणि विमानाच्या प्रवाशाला ती मिळत नाही.

हवाई मार्गाचा प्रारंभ ३० मार्च १९२९ रोजी झाला, आणि तो लंडन-मुंबई असा नव्हता, तर लंडन-कराची असा होता. इम्पीरियल एअरवेजचे विमान क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत जाई. तेथून जिनोव्हापर्यंत आगगाडी. जिनोव्हाहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया. आणि पुढे तीन इंजिनांच्या दुपंखी विमानाने गाझा, बगदाद, बसरा, बुशेर, जास्क, ग्वादर असे टप्पे घेत कराची. वेळापत्रक सात दिवसांचे होते. त्या काळचे विमान दिवसा उडे, रात्री मुक्काम करी, आणि त्याची धाव इतकी थोडी की प्रत्येक टप्प्यावर इंधनाची आगाऊ तजवीज करून ठेवावी लागे. इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची दिलेली सवलत मुदतीची होती, आणि ती संपताच १९३२ मध्ये हा सगळा मार्ग उचलून आखाताच्या अरबी किनाऱ्यावर, बहारीन व शारजाच्या बाजूस, न्यावा लागला. वाऱ्यात किंवा यंत्रात काडीमात्र फरक पडलेला नसताना, केवळ एका परवान्याची मुदत सरल्यामुळे दोन शहरांमधील वाट बदलली, असा या मार्गाच्या इतिहासातील हा पहिला प्रसंग. शेवटचा नव्हे, हे पुढे दिसेलच.

कराचीला आलेली टपाल मुंबईस पोहोचण्यासाठी पुन्हा रेल्वेवर चढे, आणि हवेत कमावलेला वेळ रुळांवर खर्ची पडे. ही उणीव भरून काढण्याचे काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाले, जेव्हा जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीचे एकइंजिनी लहान विमान कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून उडवले आणि अहमदाबादला उतरून जुहूस आणले. बरोबर टपालाची पिशवी होती, वजन सुमारे २५ किलो. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले गेले. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रालगतचे एक सखल मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, आणि मग विमानसेवेला पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. आज आपण ज्याला मुंबई-लंडन विमानप्रवास म्हणतो त्याचा मुंबईकडचा शेवटचा दुवा या दिवशी जोडला गेला, आणि त्यातील कराची-मुंबई हा तुकडा गोलावरील आपल्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळजवळ बरोबर खाली होता. त्या वेळी कराची हे हिंदुस्थानचे हवाई प्रवेशद्वार होते, कारण भूमितीने त्याला त्या जागी ठेवले होते.

पंधरा वर्षांनी ते प्रवेशद्वार परमुलखात गेले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा मार्गे लंडनकडे निघाले, तेव्हा त्याने कराचीस वंदन न करता थेट पश्चिमेकडे कैरो गाठले. दट्ट्यांची चार इंजिने असलेल्या या विमानाची गती तासाला सुमारे पाचशे किलोमीटर, आणि आतील हवेचा दाब राखलेला असल्याने ते वादळाच्या बऱ्याच वरून जाऊ शके. सात दिवसांचा प्रवास दीड-एक दिवसावर आला. स्वतंत्र झाल्याला पुरते वर्षही न झालेल्या देशाने आपल्या निशाणाखाली, आपल्या चालकांकरवी, एकेकाळच्या राजधानीपर्यंत नियमित सेवा सुरू करावी, ही घटना मला त्या वर्षातील पुष्कळशा राजकीय समारंभांहून मोठी वाटते.

त्या वेगाची किंमतही याच मार्गाने मोजली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनिव्हाकडे उतरू लागले असता आल्प्समधील माँ ब्लाँच्या शिखरभागावर आदळले, आणि त्यातील ४८ जणांपैकी कोणी वाचले नाही. प्रवाशांत मोठा भरणा इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेल्या भारतीय खलाशांचा होता; ज्यांच्या बापजाद्यांनी हा मार्ग बोटीच्या भट्टीसमोर कोळसा ओढीत पार केला होता, त्यांची ही पिढी नोकरीवर हजर होण्यासाठी विमानाने चालली होती. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी, जेट विमानाच्या युगात, मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा असा लंडनकडे जाणारा ‘कांचनजंगा’ हा बोइंग ७०७ त्याच पर्वतावर, तशाच उतरत्या वाटेवर, नाहीसा झाला. ११७ माणसे गेली. त्यांत होमी भाभा होते. डोंगराच्या कुशीतली हिमनदी हळूहळू खाली सरकत असते आणि पोटात घेतलेले थोडेथोडे परत देते. २०१२ मध्ये, ४६ वर्षांनंतर, त्या बर्फातून भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची टपालाची एक पिशवी बाहेर आली. आज जिनिव्हाला न थांबता जाणाऱ्या विमानातून हवा स्वच्छ असली तर कधीकधी डाव्या हाताला दूरवर आल्प्सची रांग दिसते. तिच्याकडे पाहताना प्रवाशाला या दोन विमानांची नावे ठाऊक असावीत असे मला मनापासून वाटते.

एअर इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ आले, १९७१ मध्ये जंबो जेट, आणि मधले थांबे एकामागून एक गळत गेले. गती मात्र तेव्हापासून वाढलेली नाही : ७०७ तासाला नऊशे किलोमीटरांच्या आसपास जाई, आणि आजची विमानेही तितकीच जातात. साठ वर्षांत जे सुधारले ते इंधनाची बचत, एका उडीत जाण्याचा पल्ला, आणि सुरक्षितता.

आता वाऱ्याचा विचार. विमानाची गती हवेच्या संदर्भात असते, जमिनीच्या नव्हे. आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरची हवा स्वस्थ नसते. मध्य अक्षांशांत ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, आणि हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थान व इराण यांच्यावरून जाणाऱ्या जेट वाऱ्याचा वेग तासाला दीडशे किलोमीटरांहून अधिक असणे ही नित्याची गोष्ट आहे. मोसमी पावसाच्या दिवसांत हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो, आणि दक्षिण हिंदुस्थानावर उलट, पूर्वेकडून येणारा झोत प्रस्थापित होतो. म्हणून मुंबईहून लंडनला जाण्याचा वेळ आषाढात एक असतो व पौषात दुसरा. हिशेबासाठी असे धरू की सबंध वाटेवर सरासरी ६० किलोमीटरांचा वारा समोरून आहे. नऊशेच्या जागी विमान जमिनीवरून ८४० किलोमीटरच जाईल, आणि ७,२०० किलोमीटरांस ८ तास ३४ मिनिटे लागतील. परतताना तोच वारा पाठीशी येऊन ९६० ची गती होईल, तेव्हा ७ तास ३० मिनिटे पुरतील. तासाभराचा फरक येथून येतो. परंतु याहून मनोवेधक गोष्ट अशी की वारा नसता तर दोन्ही खेपांना मिळून नेमके १६ तास लागले असते, आणि वाऱ्यासह ते १६ तास ४ मिनिटे होतात : जाताना गमावलेले सगळेच्या सगळे येताना परत मिळत नाही, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात अनुकूल वाऱ्यापेक्षा जास्त काळ राहते. यांत धावपट्टीपर्यंतची रांग, चढणे-उतरणे, वाटेतील वळसे, आणि हीथ्रोवर उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्या मिळवल्या म्हणजे छापील साडेनऊ तासांशी मेळ बसतो.

वळशांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राज्याचा आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य अधिकार मान्य केला आहे. अर्थात आकाशालाही हद्दी आहेत, आणि त्या जमिनीवरील सरहद्दींच्या बरोबर वर उभ्या आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश मिटले ते जुलैच्या मध्यापर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद आहे. गोलावरचा तो दोरा आठवावा : कराची आणि युक्रेन, त्याच्याखालची ही दोन्ही ठिकाणे बंद. म्हणून मुंबईचे भारतीय विमान अरबी समुद्रावरून आखाताच्या बाजूस जाते, इराक-तुर्कस्तानवरून वर चढते, आणि काळ्या समुद्राच्या पश्चिमेकडून युरोपात शिरते. म्हणजे एका परीने भिंतीवरच्या सपाट नकाशातली रेघ पत्करते. मुंबईला या वळशाचा भुर्दंड दिल्लीपेक्षा कमी पडतो, कारण मुंबईला समुद्राचे दार आहे. तरीही प्रत्येक जादा मिनिटाचे इंधन मुंबईसच भरून न्यावे लागते, आणि ते इंधन वाहण्यासाठीही इंधन जळते.

राहता राहिला घड्याळाचा प्रश्न. मुंबई लंडनच्या पूर्वेस जवळजवळ ७३ रेखांश आहे, म्हणून दोन्ही ठिकाणच्या सूर्यात ४ तास ५१ मिनिटांचे अंतर पडते, आणि मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रीनिचच्या तितकीच पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ सरकारने लागू केली, पण मुंबईकरांनी ती ३९ मिनिटांची वाढ सुखासुखी स्वीकारली नाही. शहरातील काही कारभार १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’वर चालत राहिला. आज हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात, तेथील घड्याळे तासभर पुढे केली जात असल्याने, साडेचार. दुपारी एकला निघून पावणेदहा तास उडालेले विमान मुंबईच्या घड्याळाने रात्री पावणेअकराला उतरते. लंडनच्या घड्याळात तेव्हा उन्हाळ्यात सव्वासहा आणि हिवाळ्यात सव्वापाच झालेले असतात. वेळापत्रकातील दोन आकडे नुसते वजा करून प्रवासाचा अवधी काढणाऱ्यांची फसगत होते ती येथे.

पुढील प्रकरणांत दिलेल्या आकड्यांविषयी एक सूचना. ‘मुंबई’ या शब्दाने निरनिराळ्या काळी निरनिराळी जागा अभिप्रेत आहे : आगबोटींच्या काळी बंदर व पुढे बॅलार्ड पिअर, १९३२ नंतर जुहू, स्वातंत्र्यानंतर सांताक्रूझ, आणि अलीकडे सहार, त्याचप्रमाणे ‘लंडन’ म्हणजे टिलबरीची गोदी, क्रॉयडन किंवा हीथ्रो. अंतरे किलोमीटरांत दिली आहेत, जुन्या कागदांतील सागरी मैल १,८५२ मीटरांच्या मानाने बदलून घेतले आहेत, आणि हवाई प्रवासाचा अवधी, वेगळे न सांगितल्यास, विमानाची चाके जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतचा धरला आहे.